अंगावरचा धातू

वालीवच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दागिने बनतात. खोटे दागिने म्हणालात तर मालक रागावतात. फॅशन ज्वेलरी म्हणायचं. या शेडच्या शेवटच्या टेबलापाशी, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली, स्वप्ना धुरी चौदा वर्षं बसते आहे. डोळ्याला भिंग, उजव्या हाताशी चुंबक आणि डावीकडे दोन ट्रे, एक पासचा, एक रिजेक्टचा. चुंबक हे त्या शेडमधलं खरं दैवत. काही पुरवठादार पितळेच्या जागी लोखंडाची तार मुलाम्याखाली दडपून देतात. नग चुंबकाला चिकटला की तो बाद, मग वरून कितीही चकाको. म्हणजे खोट्यातलं खोटं शोधायचं, असं हे काम. स्वप्ना ते इतक्या निष्ठेने करते की देवळात पेढा हातावर आला तरी ती आधी तो उलटा करून बघते, असं तिचा नवरा परेश चारचौघांत सांगतो.

शेडमध्ये थोडं चांदीचंही काम चालतं, म्हणून संध्याकाळी सुटताना गेटवर तपासणी असते. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. बायकांच्या रांगेवर जुलियाना मावशी. पाचूबंदरच्या, साठीला टेकलेल्या, गळ्यात क्रूस आणि हातात लाटण्याएवढं मशीन. मशीन अंगावरून फिरवायचं; धातू लागला की ते टीं करून ओरडतं. आता बायकांच्या अंगावर धातू असणारच. म्हणून गेटवर एक रजिस्टर ठेवलेलं, त्यात ज्याचा त्याचा दागिना नोंदवलेला. नोंद असली की जा. नोंद नसली, तर तो माल कारखान्याचा समजून प्रकरण थेट मालकांकडे, आणि मालकांकडे गेलेलं प्रकरण सहसा परत कामावर येत नाही.

ही सगळी शिस्त स्वप्नाने बसवली होती. सुपरवायझर झाल्यावर तिने पहिल्याच महिन्यात रजिस्टरचे रकाने वाढवले. दागिना, धातू, अंगावर कुठे, आणि शेवटी, कोणाकडून. हा शेवटचा रकाना खास तिच्या डोक्यातला. दागिना कुठून आला ते लिहिलं की मागाहून कोणी पलटी मारू शकत नाही, असं तिचं म्हणणं. शिवाय प्रत्येक नोंद रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईने लिहायची, डोळ्यांनी बघून, आणि खाली साक्षीदार म्हणून सही करायची. मशीनचा काटाही तिनेच चढवून घेतला, इतका की अर्ध्या ग्रॅमची चांदीची बुगडी सुटू नये. मालकांनी एकदा विचारलं होतं, गेटवर बायकांसाठी एखादा पडदा लावायचा का? स्वप्नानेच नको म्हटलं. पडद्याआड काय चालेल कोण बघणार?

मागच्या वर्षी पॅकिंगला ॲनिशा नावाची गिरीजची मुलगी लागली. वीस वर्षांची, अबोल. पहिल्याच संध्याकाळी मशीन तिच्या छातीपाशी ओरडलं. तिच्या आईने कुर्त्याच्या आतल्या बाजूला मदर मेरीचं मेडल पिनेने टाचून दिलं होतं, नव्या नोकरीला निघाली म्हणून. जुलियाना मावशी म्हणाल्या, "जाऊ दे वो मॅडम, देवाचं हाय." पण स्वप्ना म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखा." पोरीने चाळीस बायकांसमोर बटणं सोडून मेडल दाखवलं, नोंद झाली, कोणाकडून या रकान्यात 'आई' लिहिलं गेलं, आणि पोर रडत रिक्षात बसली. स्वप्नाला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने नियम बदलला असंही नाही.

हे झालं स्वप्नाचं बाहेरचं रूप. घरी ती वसई पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहते. परेश चर्चगेटला विम्याच्या कचेरीत, मुलगा शिकायला पुण्याला, आणि सासूबाई यमुना, ज्यांना ती आई म्हणते. घरात भांडण नाही, उणं नाही. परेश तर इतका शांत की घरातले पडदे बदलले तेव्हा त्याला नवव्या दिवशी कळलं, तेही सासूबाईंनी सांगितलं म्हणून.

आणि मग परदेशची ऑर्डर आली.

बारीक दांडी, दोन्ही टोकांना मोहरीएवढे मणी. बिलावर नाव होतं बारबेल. स्वप्नाने आठ दिवस ते भिंगाखाली तपासले आणि मनाशी ठरवून टाकलं की हे साहेबलोकांच्या शर्टाच्या बाह्यांना लावत असणार. नवव्या दिवशी पॅकिंगची छापील कार्डं आली. कार्डावर हे कुठे घालायचं त्याचं चित्र होतं. स्वप्नाने ते चित्र बघितलं, कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि भिंग काढून ठेवलं. मग इकडे तिकडे कोणी नाही असं बघून भिंग परत लावलं.

त्या दिवशी तिने एकही नग रिजेक्ट केला नाही, यावरून काय ते समजा.

पहिले काही दिवस ती मनातल्या मनात त्या बायांना नावं ठेवत राहिली. मग नावं ठेवता ठेवता तिला कुतूहल वाटायला लागलं. कोणाला दिसणार नाही असा दागिना कोणी का घालावा? दागिना म्हणजे दुसऱ्याने बघायची वस्तू. ही बाई तो घालून वर ब्लाउज घालते, साडी नेसते, बाजारात जाते, आणि जगात कोणालाच माहीत नाही. एका दुपारी डबा खाताना स्वप्नाने आपल्या अंगावरच्या भोकांचा विचार केला. कान टोचले तेव्हा ती बारा दिवसांची होती. कणकवलीच्या सोनाराने टोचले आणि आईने रडू आवरलं. नाक टोचलं लग्नाच्या आठवड्यात, कारण धुरींच्या घरात सुनेचं नाक रिकामं चालत नाही. दोन्ही वेळा नाक-कान तिचे आणि हौस दुसऱ्याची. एकेचाळीस वर्षांत आपल्या अंगाबद्दल आपण एकही गोष्ट स्वतः ठरवलेली नाही, हे तिला भेंडीच्या भाजीचा घास तोंडात असताना कळलं, आणि तिला एकदम फार वाईट वाटलं. परेशवर राग नव्हता, सासूबाईंवर नव्हता. पण एक तरी गोष्ट आपली हवी, कोणाच्या परवानगीशिवाय आणि कोणाला न दाखवता, असं तिने त्या घासाबरोबर ठरवून टाकलं.

ठरवलं म्हणजे तपासणी आलीच. चार महिने ती मोबाइलवर वाचत होती. एका पानाचं मराठीत भाषांतर करून घेतलं तर त्यात स्तनाग्र हा शब्द आला. हा शब्द तिने शेवटचा दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाहिला होता, आणि ते पान बाईंनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिलं होतं. आता ती घरी वाचत होती, पंचवीस वर्षं उशिरा. जखम भरायला महिने लागतात. पालथं झोपायचं नाही. हळद, तेल, मलम काही लावायचं नाही, फक्त मिठाचं कोमट पाणी. मुलामा दिलेलं काही घालायचं नाही, टायटॅनियमच हवं. हे वाचून स्वप्ना स्वतःशीच हसली. आपल्या शेडमधला माल अंगाला लावायचा नाही, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

गिरीजच्या रस्त्याला एका बेकरीच्या वरती जीनाचा स्टुडिओ आहे. जीना तिशीची, दंडावर गोंदलेलं, बोलायला मोकळी. स्वप्ना आधी तिथे दोनदा नुसती बेकरीतून खारी घेऊन परत आली. तिसऱ्यांदा जिना चढली आणि शनिवारची वेळ ठरवून आली. घरी सांगितलं, अक्कलदाढ काढायची आहे.

शनिवारी सकाळी ती उपाशीपोटी निघाली. रक्त तपासायला उपाशी जातात, ऑपरेशनला उपाशी जातात, सत्यनारायणालाही उपाशी बसतात. मग याला कसं खाऊन जायचं? जीनाने आधी आधारकार्ड बघितलं, मग अर्ज भरून घेतला, मग विचारलं, "मॅडम, नाश्ता काय केलात?"

"काही नाही. उपास धरलाय."

"उपास?" जीना हातातलं पेन ठेवून म्हणाली, "अहो, रिकाम्या पोटी चक्कर येते. इथे किती जण असे धाडकन पडलेत. मी उपाशी माणसाला हात लावत नाही." आणि तिने कपाटातून सुकेळ्यांचा डबा काढला. "खा. आमच्या वाडीतल्या केळ्यांची आहेत, मम्मी सुकवते."

म्हणून आयुष्यातलं पहिलं स्वतःचं बंड करायला निघालेली स्वप्ना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून निमूटपणे सुकेळी खात बसली. दोन खाल्ली तरी जीनाने तिसरं पुढे केलं.

"कशासाठी करताय, विचारू का?" जीना म्हणाली. "माझ्याकडे सगळे स्टोरी सांगतात. ब्रेकअप, डिव्होर्स, नाहीतर चाळिशीचा बर्थडे."

स्वप्नाने सांगण्यासारखं काही आहे का ते बघितलं. "तसं काही झालेलं नाही," ती म्हणाली. "घरी सगळं बरं आहे."

"मग बेस्ट," जीना म्हणाली.

दागिना ट्रेमध्ये आला. स्वप्नाने पर्समधून भिंग काढलं, मग चुंबक. जीना बघत राहिली. चुंबक दांडीजवळ नेलं. दांडी हलली नाही. मणी भिंगाखाली धरला, फिरवला, परत फिरवला आणि ट्रेमध्ये ठेवून ती म्हणाली, "आट्यावर चरा आहे. रिजेक्ट."

"काय?"

"दुसरा दाखवा. आणि हा पुरवठादाराला परत पाठवा, तो चुकून घातला असता तर जखम चिघळली असती."

जीनाने स्वतः भिंग लावून बघितलं. चरा होता. "मॅडम, सहा वर्षांत माझा माल कोणी रिजेक्ट केला नाही," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात राग होता की आदर ते कळेना. दुसरा नग पास झाला. मग तो उकळत्या वाफेच्या डब्यात गेला, आणि स्वप्ना पडद्याआड गेली. इथे पडदा होता.

पलंगावर पडल्यावर तिची सगळी तपासणी संपली, कारण आता तपासायला काही उरलं नव्हतं.  घरून निघताना सासूबाईंनी 'दाढ काढताना देवाचं नाव घे' म्हणून सांगितलं होतं. तिने घ्यायला सुरुवात केली आणि मग या कामात देवाला कशाला बोलवायचं म्हणून थांबली. जीनाने हातमोजे चढवले, डावीकडच्या स्तनाग्राच्या दोन बाजूंना शाईने ठिपके दिले, एक सुई शिरायचा, एक निघायचा, आणि आरसा दाखवला. "सरळ आहे ना?" आजवर कोणी तिच्या अंगाबद्दल तिला विचारून काही केलं नव्हतं. स्वप्ना म्हणाली, "डावा ठिपका जरा वर घ्या." जीनाने तो पुसून वर घेतला.

"आता लांब श्वास घ्या. सोडा."

श्वास सोडता सोडता एक कळ गेली, अशी की डोळ्यांतून पाणी आपोआप आलं. मग दांडी आत सरकताना दुसरी, जरा कमी. मग जीना म्हणाली, "झालं." एवढ्या चार महिन्यांच्या वाचनाचं काम वीस मोजायच्या आत संपलं. स्वप्नाने आरशात बघितलं, आणि तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. दुखत होतं, आणि तरी हसू थांबत नव्हतं. बिल तिने मागून घेतलं, तारीख नीट आहे ना ते पाहिलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात घातलं. बिलाशिवाय वस्तू घेणं तिच्या रक्तातच नाही.

घरी मात्र दाढेचं सोंग महागात पडलं. त्याच दिवशी परेश पाचूबंदरला जाऊन सुरमई घेऊन आलेला. तव्यावर तुकड्या चुरचुरत होत्या आणि स्वप्नाच्या पुढ्यात सासूबाईंनी पेजेची वाटी ठेवली. "दाढेला चावायचं नाही हो. दोन दिवस पेज." स्वप्ना पेज पीत परेशच्या ताटाकडे बघत राहिली. वर परेश म्हणाला, "सूज काही दिसत नाही. डॉक्टर चांगला असणार." एक गोष्ट मात्र बरी झाली. सासूबाई रोज सकाळ-संध्याकाळ पेलाभर मिठाचं कोमट पाणी स्वतः करून द्यायला लागल्या, गुळण्या करायला. स्वप्ना पेला घेऊन न्हाणीघरात जायची, कडी लावायची आणि पाणी जिथे हवं तिथे वापरायची. बाहेर आली की सासूबाई विचारायच्या, "बरं वाटतं ना?" ती म्हणायची, "खूप बरं वाटतं आई." यात खोटं काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी तिला गेटची आठवण झाली.  उद्या सकाळी नवी नोंद करायची म्हणजे चाळीस बायकांत बोभाटा. नोंद केली नाही आणि मशीन ओरडलं तर चौदा वर्षांच्या नोकरीवर चोरीचा शिक्का. काढून ठेवावं तर भोक एका दिवसात बुजतं. ती न्हाणीघरात गेली, पर्समधलं चुंबक काढलं आणि धडधडत्या छातीजवळ नेलं. काही नाही. ओढ नाही, हालचाल नाही.  चुंबकाला कळत नाही, म्हणजे मशीनला काय कळणार? दैवताने कौल दिला होता. सोमवारी सकाळी तिने काही नोंद केली नाही.

संध्याकाळी साडेसहाला ती रांगेत उभी राहिली. मागे ॲनिशा होती, आणि तिच्या मागे सगळी पॅकिंग. मशीन कानांपाशी ओरडलं, नाकापाशी ओरडलं, मंगळसूत्रापाशी ओरडलं; जुलियाना मावशींनी रोजच्यासारखी मान हलवली. मग मशीन खाली डावीकडे आलं आणि पुन्हा ओरडलं.

चांदीसुद्धा चुंबकाला चिकटत नाही, आणि तरी हे मशीन रोज संध्याकाळी चांदी पकडतं. ही गोष्ट स्वप्नाला चौदा वर्षं माहीत होती. मशीनचा काटा तिनेच चढवून घेतला होता. पण माणसाला जे हवं असतं त्याच्या तपासणीत माणूस कच्चा राहतो, आणि स्वप्नाही माणूसच.

मावशींनी मशीन परत फिरवलं. टीं.  मावशींनी स्वप्नाचा चेहरा बघितला, आणि त्या बाईने आयुष्यभर पाचूबंदरच्या मासळीच्या लिलावात माणसांचे चेहरे वाचलेले. आवाज बारीक करून त्या म्हणाल्या, "बॅटरी गेली असंल मॅडम. सकाळपासून असंच करते. जा तुमी."

जा म्हटल्यावर जाता आलं असतं. कोणी अडवलं नसतं, सुपरवायझरला कोण अडवतं? स्वप्नाने एक पाऊल टाकलंही. पण मागे ॲनिशा उभी होती. त्या पोरीच्या कुर्त्यात आजही तेच मेडल होतं, नोंदवलेलं. आपण आता गेलो तर या पोरीच्या डोळ्यांत डोळा घालून उद्यापासून बोलता येणार नाही, हे स्वप्नाला सरळ दिसलं. ती वळली.

"बॅटरी ठीक आहे मावशी. रजिस्टर द्या. ॲनिशा, लिही."

ॲनिशाने पेन घेतलं. "काय लिहू, मॅडम?"

स्वप्नाने पर्स पुढे धरली. "बारबेल. एक नग. टायटॅनियम. बिल आहे पर्समध्ये."

ॲनिशाचं पेन थांबलं. गेले पाच महिने ती तीच कार्डं भरत होती. चित्र तिला पाठ होतं. तिने मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग हळूहळू सगळं आलं.

"बघावं लागेल," ती म्हणाली. "साक्षीदार आहे ना मी. नियम सगळ्यांना सारखा."

"हो," स्वप्ना म्हणाली. कान लाल झाले होते. तिने पहिल्या बटणाला हात घातला.

तेव्हा ॲनिशाने पेन मावशींच्या हातात दिलं, गळ्यातली ओढणी काढली, दोन्ही हात ताणून ती स्वप्नाभोवती धरली आणि रांगेकडे पाठ करून उभी राहिली. मागच्या बायकांतल्या दोघींनी, काय चाललंय ते न कळताच, आपापल्या ओढण्या बाजूंनी धरल्या. स्वप्नाला रडू आलं. तिने रडत रडत बटणं सोडली.

ॲनिशाने बघितलं. "बापरे," ती पुटपुटली. "दुखलं का खूप?"

"दुखलं."

"छान दिसतंय पण."

बटणं लागली, ओढण्या खाली आल्या. ॲनिशाने पेन परत घेतलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. स्वप्नाच्या नावाखाली आधीच्या तीन नोंदी होत्या, रकाने वाढवले त्याच महिन्यातल्या, शाई फिकी पडलेली. कुड्या, सोनं, कान, आईकडून. चमकी, सोनं, नाक, सासूबाईंकडून. मंगळसूत्र, सोनं, गळा, पतीकडून. ॲनिशाने चौथी ओळ सुरू केली. बारबेल. टायटॅनियम. कुठे या रकान्यापाशी ती क्षणभर घुटमळली आणि तिने 'आत' एवढंच लिहिलं. मग सवयीने विचारलं, "कोणाकडून? मिस्टरांकडून लिहू?"

"नको," स्वप्ना म्हणाली. तिने पेन मागून घेतलं, आणि आपणच केलेल्या त्या रकान्यात, आपल्या हाताने, पहिल्यांदा लिहिलं: माझ्याकडून.

ॲनिशाने बाजूला सही केली.